दोनशे उठाबशा

माझा धाकटा भाऊ विमान चालवतो. हे वाक्य आमच्या आईनं जितक्या लोकांना ऐकवलंय, तितके लोक त्याच्या विमानात बसलेही नसतील. इस्त्रीवाला, जिन्यात भेटलेला कुणाचा तरी पाहुणा, चुकून फोन लागलेला माणूस, सगळ्यांना ते ठाऊक आहे. मुलगी काय करते असं कुणी विचारलंच तर आई म्हणते, "ती पण तिथंच असते. विमानवाल्यांच्या तपासणीला."

तिथंच म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत. मी रक्त काढते आणि तपासते. सोळा वर्षं झाली. दोनशे माणसांना घेऊन ढगांवर जाणारे बाप्ये माझ्या सुईसमोर तोंड फिरवून डोळे मिटतात, हे मी रोज बघते आणि मला त्यात बरं वाटतं. एकाचं रक्त मात्र मी कधी काढलेलं नाही. नातेवाइकाचा नमुना घ्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, त्यामुळे भाऊ आला की शेजारच्या खुर्चीवरचा घड्याळ त्याचं रक्त काढतो. घड्याळ हा माझा सहकारी. पाचाचा ठोका पडला की आलेली शिंकही अर्धी टाकून तो घरी जातो, म्हणून हे नाव.

भावाला घरी बाळ म्हणतात. वय वर्षं चौतीस, उंची सहा फूट, आणि बाळ. मी त्याला सरकार म्हणते.

सरकार स्वभावानं चांगला आहे आणि माझी खरी अडचण तीच आहे. तो उद्धट असता, आईबाबांना विसरला असता, तर मला त्याच्यावर खुशाल जळता आलं असतं. पण तो दारूला शिवत नाही. बाबांच्या आठवड्याच्या गोळ्या स्वतः डबीत भरतो. घराबाहेर पडताना गॅस, नळ, दिवे, कुलूप असं मोठ्यानं म्हणत एकेकाकडे बोट दाखवतो, विमानात करतात तसं. आणि माझ्याशेजारी बसायचं असेल तर न चुकता उजव्या बाजूला बसतो, कारण माझा डावा कान बहिरा आहे.

त्या कानाची गोष्ट आधी सांगते. लहानपणी आम्ही विमानतळाजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. विमान उतरायला आलं की कपाटातली भांडी वाजायची. कोणतं विमान आहे हे मी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखायचे. सरकार माझ्याहून चार वर्षांनी लहान. माझ्या फ्रॉकचं टोक धरून गच्चीवर मागे मागे यायचा. चाकं कधी बाहेर येतात, वारा कुठून असला की विमान कुठून उतरतं, सगळं मी त्याला शिकवलं. उडायचं मला होतं. त्याला त्या वयात आइस्क्रीमवाला व्हायचं होतं.

मी दहा वर्षांची असताना त्यानं शाळेतून गालगुंड आणलं. त्याचे गाल आठ दिवस फुगले आणि उतरले. मग ते मला झालं. माझेही गाल उतरले, पण डावा कान गेला तो गेलाच. यात सहा वर्षांच्या पोराचा काय दोष, हे मला कळतं. पण कळतं ते डोक्याला, आणि दुखतं ते पोटात.

अठराव्या वर्षी तरीही मी वैमानिकाच्या तपासणीला गेले. आज जिथं काम करते त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाब म्हणाले. उजव्या कानाला मी पटापट दाबलं. डाव्याची पाळी आली तेव्हा मी समोरच्या बाईंच्या बोटांकडे बघत अंदाजानं दाबायला लागले. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात टेबलाखाली घेतला. मला अजून तो हात खाली जाताना दिसतो.

चार वर्षांनी सरकार त्याच खोलीतून उड्या मारत बाहेर आला. "ताई, फिट!" मी तेव्हा प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. जिथून घालवून दिलं तिथंच नोकरी का धरलीस, असं लोक विचारतात. ज्या दारातून आत घेतलं नाही त्याच दारावर बसून दुसऱ्यांना आत सोडायचं, असा तो हट्ट होता. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

गेल्या वर्षी सरकारला कावीळ झाली. मुक्कामाच्या कुठल्याशा गावात रस्त्यावर कापून ठेवलेली फळं खाल्ली होती, जी खाऊ नयेत हे त्याला चांगलं माहीत होतं. तीन-चार आठवड्यांनी शेजारच्या कॅप्टननंच त्याला सांगितलं, "अरे, तुझे डोळे पिवळे दिसतायत."

यकृताला सूज आणणारे विषाणू बरेच. त्यातले बी आणि सी रक्तातून येतात आणि चिवट असतात. भाडेकरू म्हणून शिरतात आणि घर बळकावून बसतात. तेही घेऊन वैमानिक आमच्याकडे येतात. एक कॅप्टन अकरा वर्षं बी अंगात घेऊन विमान चालवतोय. रोज गोळी, दर सहा महिन्यांनी रक्त, विषाणू दबलेला, यकृत शांत, आणि सर्टिफिकेटवर अट की शेजारच्या खुर्चीत दुसरा वैमानिक पाहिजेच. नुसतं आजाराचं नाव ऐकून कुणाला घरी बसवत नाहीत. यकृत काय म्हणतंय ते बघतात. सरकारचा होता ए. तो पाण्यातून, खाण्यातून येतो, माणसाला पिवळा करतो आणि आपला आपण निघून जातो. पण तोवर माणूस इतका थकतो, की त्याच्या हाती सायकलही देऊ नये. म्हणून सरकार तात्पुरता अनफिट ठरला. आमच्या डॉक्टरबाईंची शिस्त अशी, की यकृताचे आकडे एकदा खाली येऊन भागत नाही. महिन्याभरानं पुन्हा रक्त बघायचं, तेव्हाही खालीच असले तर सही.

डॉक्टरबाई केंद्राच्या प्रमुख. त्यांची सही म्हणजे दगडावरची रेघ.

सरकारची घाई वेगळी होती. नऊ वर्षं तो को-पायलट म्हणून उजव्या खुर्चीत बसला होता आणि आता त्याचं कॅप्टनचं ट्रेनिंग लागलं होतं. दुसऱ्या तपासणीनंतर अडीच आठवड्यांनी, एका सोमवारी. त्या सोमवारी हातात सर्टिफिकेट नसलं तर जागा खालच्या नंबराला जाणार, आणि पुन्हा पाळी यायला दोन वर्षं.

आईनं त्याला लहान मुलासारखं सांभाळलं. तेलाची बाटली वरच्या फळीवर गेली, घरात सगळ्यांना उकडलेलं खावं लागलं, बाबा बिचारे लोणच्याची बरणी बघून यायचे. मला गालगुंड झालं तेव्हा आई चार दिवस घरी राहिली होती. बाळाच्या काविळीला तिनं दोन महिने शेजारणींकडे जाणं बंद केलं. मी हे मोजत बसले होते, हे कबूल करते.

पहिलं रक्त चांगलं आलं. महिना जात आला. दुसऱ्या तपासणीचा दिवस गुरुवार होता, आणि त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी माझ्या दाराची बेल वाजली. मी पाचव्या मजल्यावर एकटी राहते. सरकार दारात उभा, घामानं निथळत.

"लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं.

"चालू आहे. जिन्यानं आलो. दोनदा."

"दोनदा म्हणजे?"

"वर आलो, खाली गेलो, परत वर आलो." तो येऊन माझ्या उजव्या बाजूला बसला. "ताई, मांडीला हात लावून बघ. दगड! रोज दोनशे उठाबशा. तीन दिवस झाले, बुधवारपर्यंत करणार. लोळून लोळून नुसता भोपळा झालो होतो. डॉक्टरबाईंना वाटायला नको की हा आजारी माणूस आलाय."

आता मला जे माहीत होतं आणि त्याला नव्हतं, ते असं. ज्या दोन आकड्यांवरून आम्ही यकृताची सूज बघतो, ती द्रव्यं नुसती यकृतात नसतात. स्नायूंतही असतात. दोन महिने अंथरुणात काढलेला माणूस एकदम दोनशे उठाबशा काढायला लागला की त्याचे स्नायू आतून दुखावतात आणि ती द्रव्यं रक्तात उतरतात. कागदावर दिसतं, यकृत बिघडलं. हा गाढवपणा आमच्याकडे वर्षाला एखाददुसरा वैमानिक करतोच. मेडिकल जवळ आलं की या लोकांना व्यायामाची आठवण होते. हात दाखवून अवलक्षण! मी प्रत्येकाला तिथल्या तिथं झापते. घड्याळ म्हणतो, बाई, तुमचा आवाज पार्किंगपर्यंत जातो.

"अरे मूर्खा, आधी ते बंद कर." एवढं वाक्य होतं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यानं फोन माझ्यासमोर धरला. "आईनं काय केलंय बघ."

आईनं फोटो पाठवला होता. पांढरा शर्ट, खांद्यांवर चार-चार सोनेरी पट्ट्या, कॅप्टनच्या. ट्रेनिंग सुरू व्हायचं होतं, आणि आईनं शर्ट तयार करून बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलासुद्धा होता. त्या खिळ्यावर माझा फोटो असायचा. केंद्रात पंधरा वर्षं झाली तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातून मला मानपत्र मिळालं, तो. घरातला माझा एकटीचा तेवढाच फोटो. खिळा तोच होता.

"छान दिसतोय ना?" सरकार म्हणाला.

"छान," मी म्हणाले. "सरबत घेणार?"

लिंबू पिळताना माझे हात व्यवस्थित चालत होते, हे मला आठवतं. सरबत पिताना तो मधूनमधून माझ्याकडे बघत होता, मी काही बोलेन असं वाटत असल्यासारखा. मी ग्लासात चमचा फिरवत राहिले. ग्लास धुऊन ठेवून तो गेला, आणि गेला तोही जिन्यानं. त्याची पावलं पार खालपर्यंत ऐकू आली. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी माझ्याकडे फोन होता आणि वेळही होता.

शुक्रवारी रिपोर्ट आला. चाळीसच्या आत हवेत ते दोन आकडे, एक दोनशे दहा आणि दुसरा शंभराच्या घरात. घड्याळ कागद घेऊन माझ्यासमोरून डॉक्टरबाईंकडे गेला, पण मी तो यंत्रावर आधीच वाचला होता. आणि मला आनंद झाला. इथं लपवून काय करू? मला आनंद झाला, मग भीती वाटली, आणि भीती ओसरल्यावर पुन्हा थोडा आनंद झाला. त्या शनिवार-रविवारी मी घर झाडून पुसून लख्ख केलं, गाणी गुणगुणत.

सोमवारी डॉक्टरबाईंनी सरकारला बोलावून घेतलं. कावीळ उलटलेली दिसते, म्हणाल्या. दारू पिता का, हे त्यांनी तीनदा विचारलं. तीन महिने अनफिट, नंतर बघू. व्यायामाचं त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. चांगली गोष्ट मुद्दाम कोण सांगतं?

तो प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर येऊन बसला. मी हातमोजे काढून त्याच्याकडे गेले. बाकावर त्याच्या उजवीकडे जागा होती आणि डावीकडे भिंत. तो उठला, सरकला, मला भिंतीकडे डावी बाजू येईल असं बसवलं आणि मग स्वतः बसला. एवढा रडवेला झालेला माणूस, पण माझा कान विसरला नाही.

"ताई," तो म्हणाला, "त्यांना वाटतंय मी पितो."

तो हातातला कागद दुमडत राहिला.

"तुला त्या खोलीतून परत पाठवलं होतं ना, तेव्हा तू घरी येऊन गच्चीवर जाऊन बसली होतीस. मला कळतच नव्हतं तुला काय झालंय. आज कळलं." त्यानं हातातला कागद आणखी एकदा दुमडला. "आता आपण दोघं सारखे."

वीस वर्षं मला नेमकं हेच हवं होतं. तो माझ्यासारखा व्हायला हवा होता. आता तो माझ्याशेजारी, माझ्यासारखा होऊन बसला होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. आमच्याकडे प्रत्येक नमुना सात दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. सरकारच्या नळीला पाचवा दिवस होता.

"माझ्या भावाच्या नमुन्यावर स्नायूंची चाचणी लावा," मी म्हणाले. "तो तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत रोज दोनशे उठाबशा काढत होता."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला हे कधी कळलं?"

काल कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता.

"रविवारी. तपासणीच्या चार दिवस आधी."

डॉक्टरबाई बराच वेळ चष्म्याची दांडी उघडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, "नातेवाइकाचं रक्त काढायचं नाही हा नियम मीच लिहिलाय. घरच्या माणसासाठी कुणी रिपोर्ट चांगला करेल, अशी मला भीती होती. वाईट यावा म्हणून कुणी गप्प बसेल, हे मला सुचलंच नव्हतं."

माझ्या फाईलला त्या दिवशी ताकीद लागली. मानपत्राच्या खालीच असेल.

चाचणी लावली. दोनशेच्या आत हवा तो आकडा सहा हजारांवर होता. डॉक्टरबाईंनी सरकारला फोन केला आणि पुढच्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत हलायचं नाही म्हणून दटावलं. "हे तुमच्या बहिणीनं लक्षात आणून दिलं," एवढंच त्या त्याला म्हणाल्या. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "बाकीचं तुम्ही सांगा."

आईनं नऊ दिवस त्याला चप्पलसुद्धा वाकून घालू दिली नाही. गुरुवारी रक्त काढलं; दोन्ही आकडे तीसच्या खाली. फिट, तीन महिन्यांनी फेरतपासणी. सोमवारचं ट्रेनिंग वाचलं.

रविवारी आईनं मला जेवायला बोलावलं. दारातून आत शिरले तर समोरच्या भिंतीवर शर्ट नव्हता. माझा फोटो होता, काच पुसलेला. शेजारच्या दोघीजणी जायला निघाल्या होत्या आणि आई त्यांना सांगत होती, "मोठमोठ्या डॉक्टरांना जे कळलं नाही ते माझ्या मुलीनं ओळखलं." माझी मुलगी. आमच्या घरात पहिलं वाढतात ते बाळाला. त्या दिवशी आईनं पहिला डाव माझ्या ताटात रिकामा केला. बाबा माझ्याकडे बघून मान हलवत होते. आयुष्यभर ज्याच्यासाठी मी जळले ते सगळं समोर वाढून ठेवलं होतं. मी हातातला घास ताटात ठेवला.

"मला आधीच माहीत होतं," मी म्हणाले.

"तेच तर सांगतेय मी सगळ्यांना," आई म्हणाली.

"तसं नाही. हा माझ्याकडे आला होता तेव्हाच माहीत होतं. रक्त बिघडणार हे माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

आईचा डाव पातेल्यावरच राहिला. "का गं?" तिनं विचारलं, अगदी हळू. बाबांनी भिंतीकडे बघितलं. खिळा म्हणू, की कान म्हणू?

सरकार माझ्या उजव्या बाजूला बसला होता. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला.

"मी त्या दिवशी तुला विचारायलाच आलो होतो," तो म्हणाला. "हे चालेल का, म्हणून. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, ताई गप्प आहे म्हणजे बरोबर चाललंय. चूक दिसली की तू कधी गप्प बसत नाहीस."

तो ओरडला नाही. त्यानं पुढं काही विचारलंही नाही. आम्ही चौघांनी जेवण संपवलं, आणि जाताना त्यानं नेहमीसारखं गॅस, नळ, दिवे केलं.

आता तो कॅप्टन आहे, डाव्या खुर्चीत बसतो. विमान वरून गेलं की मी अजूनही मान वर करते आणि अजूनही पोटात कळ येते. ती जाईल असं मला वाटत नाही. फोटो भिंतीवरच आहे. तो काढ, असं मी आईला दोनदा सांगितलं, तिनं ऐकलं नाही.

परवा फेरतपासणीच्या आधी सरकारचा फोन आला. "ताई, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी रक्त द्यायला येतोय. काय काय करायचं नाही ते सांग."

मी उजव्या कानाला फोन घट्ट लावला आणि सगळं सांगितलं. आठ दिवस धावायचं नाही. जिने चढायचे नाहीत. जड उचलायचं नाही. डोकं दुखलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. भरपूर पाणी प्यायचं, नीट झोपायचं.

"आणखी काही?"

"नाही. एवढंच."

मग त्यानं विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं,

"नक्की?"